मधली जागा

इयत्ता चौथी 'ब', मूल्यशिक्षणाचा तास.
मनामा. बाहेर बेचाळीस, आत एसीचा खोकला.
फळ्यावर मी दोन वर्तुळं काढते,
एकमेकांत जराशी शिरलेली.
डावीकडं लिहिते ख्रिस्ती, उजवीकडं मानवतावादी.
मधल्या जागेत काय लिहायचं
ते उत्तरसूचीत आहे, चार शब्द.
मी ते वहीखाली झाकून ठेवलेत.

"मानवतावादी म्हणजे कोण, मिस?"
जे देवाला न विचारता
चांगलं वागायचं ठरवतात, मी म्हणते.
"मग कुणाला विचारतात?"
ऋभू कारखानीस उभा राहतो.
त्याच्या घरी देव्हाऱ्याच्या जागी दुर्बीण आहे.
"ज्याला लागलं त्याला.
कुठं लागलं, किती लागलं."

बर्नडेट तुस्कानो, वसईकडची,
शुक्रवारी मिस्साला जाते
(इथं रविवार शुक्रवारीच येतो).
मागच्या महिन्यात तिची कंपासपेटी कुणीतरी फोडली.
नाव कळायच्या आत तिनं माफ करून टाकलं.
ऋभूला ते अजून पटलेलं नाही :
"त्यानं सॉरी म्हटलंच नाही, तर माफी ठेवायची कुठं?"
"झाकून ठेवायची, पोळीसारखी.
येईल तो भुकेलाच येईल."

आणि वर्गातला मासा मेला तेव्हा
ती म्हणाली, तो वर गेला.
तो म्हणाला, कुंडीत पुरू, पानांत येईल.
दोघंही रडले,
एक छताकडं बघत, एक मातीकडं.
हे कुठं लिहू? मधल्या जागेत रडणं बसतं,
पण ते सूचीत नाही.

माझ्याजवळ एक उपमा तयार होती.
बहरीन म्हणजे दोन समुद्र, मुलांनो.
पूर्वी खाऱ्या पाण्यात बुडी मारून
तळाच्या झऱ्यातलं गोडं पाणी
कातडी पिशवीत भरून आणायचे लोक.
पण "यातला गोडा कुठला?" असं
दोघांनी एकदमच विचारलं असतं.
मी गप्प बसले.
मिस, तुम्ही कुठल्या वर्तुळात, हे कुणी विचारलं नाही.
देवा, वाचवलंस, असं मनात म्हटलं
आणि चपापले.

मधल्या सुट्टीत कुंपणापलीकडं
पाइपलाइनच्या खड्ड्यातून एक माणूस वर आला
आणि जाळीतून हात हलवू लागला.
दोघं बाटल्या घेऊन धावले.
बर्नडेट : "तहानलेल्याच्या तोंडून देवच पाणी मागतो."
ऋभू : "तहानलेलाच मागतो. तेवढं पुरे नाही का?"
धावता धावता भांडत होते,
बाटल्या हिंदकळत होत्या.

तझीन परकार वर्गात फारशी बोलत नाही.
ती मागून चालत गेली, जाळीला नाक लावलं,
"काका, काय पाहिजे?"

"पानी हाये माह्यापाशी, बेटा,"
तो म्हणाला. आदिलाबादकडचा असावा.
"येवढं वाचून दे."

दवाखान्याची चिठ्ठी, घामानं मऊ झालेली.
तीन डोकी एका कागदावर.
ऋभूनं औषधाचं नाव अक्षर अक्षर लावलं,
बर्नडेटनं सांगितलं, दोनदा, जेवल्यावर.
शेवटची ओळ तझीनच्या वाट्याला आली.
ती वाचून थांबली. मग पुन्हा वाचली :
उन्हात जाऊ नये.

तो हसला. चिठ्ठीची चौघडी घालून
शिरस्त्राणाच्या आत खोचली
आणि खड्ड्यात उतरला.

तास पुन्हा सुरू.
कुणी वर्तुळांकडं बघेना.
ऋभूनं विचारलं, आता कुणाला विचारायचं?
बर्नडेट म्हणाली, मी प्रार्थना करीन,
पण तुम्ही पण काहीतरी करा, मिस.
तझीननं तळहात पुढं केला.
त्यावर निळ्या शाईत
खड्ड्याजवळच्या पाटीवरून उतरवलेला
कंत्राटदाराचा नंबर.
एक आकडा घामानं पुसट. तीन की आठ?

आधी तीन लावून बघते.
घंटी वाजते आहे.
चौतीस मुलं श्वास धरून.